सरासरीच्या आकड्यात काय दडलंय

प्रिय मित्रा,

तुझी शीट काल रात्री उघडून बसलो. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या सात सराव पेपरांतले तुझे गुण: ९२, १०४, ८८, १११, ९७, ११८, १०१. खाली सरासरी १०१.६, आणि तिच्याखाली तुझा प्रश्न, 'दादा, एवढे पडतील ना?'

आधी तो ११८ बाजूला काढ. त्यातले बरेच प्रश्न आधी सोडवलेले निघाले, असं तूच फोनवर म्हणाला होतास. शीटमध्ये राहू दे, सरासरीत नको. उरलेल्या सहांची सरासरी ९९ च्या जरा खाली येते. शेजारी प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीच्या साधारण किती वर-खाली जातात त्याचा) फॉर्म्युला लाव, ८ च्या आसपास उत्तर येईल. म्हणजे तुझा अंदाज '१०२' असा एक आकडा नाही, तर साधारण '९१ ते १०७' असा पट्टा आहे. दर तीन पेपरांतला एखादा त्याच्याही बाहेर जाईल. कट ऑफ या पट्ट्यात कुठे पडला तर निकाल कुठल्याही बाजूला लागू शकतो, हे धरूनच पुढचं ठरव.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सगळ्यांत चांगले तीन पेपर धरून सरासरी काढली होती. त्या भरवशावर मुख्यची पुस्तकं आणली, आणि निकालाच्या यादीत माझा नंबर नव्हता. ते महिने वाया गेल्याची हळहळ अजून आहे, म्हणून तुला एवढं सविस्तर लिहितोय.

आता खरं काम. तुझ्या १०४ च्या पेपरात ८२ प्रश्न सोडवलेस, ५८ बरोबर, २४ चूक. बरोबरला २, चुकीला वजा ०.५, हिशोब जुळतो. पण तू प्रश्नांपुढे पेन्सिलीने केलेल्या खुणा मी मोजल्या. 'पक्कं' म्हणून सोडवलेले ४७, त्यातले बरोबर ४०. दोन पर्यायांत अडकलेले २५, बरोबर १५. नुसता तुक्का १०, बरोबर ३. तुला भीती तुक्क्यांची वाटते, पण त्यांनी तुला अडीच गुण मिळवूनच दिले. एक चतुर्थांश वजा असताना पाचातला एक जरी बरोबर आला तरी तोटा होत नाही. गुण गेले ते 'पक्कं' वाटलेल्या सातांत: प्रत्येकी हातचे दोन गेले आणि वर अर्धा कापला गेला, म्हणजे साडेसतरा. मी उघडून पाहिले, त्यातले चार राज्यघटनेचे होते. कलमं पाठ आहेत असं तू धरून चाललायस, तिथेच उजळणी हवी. म्हणून शीटमध्ये खुणांचे हे तीन रकाने कर, प्रत्येकापुढे सोडवलेले आणि बरोबर. एकूण गुणांपेक्षा हे तीन आकडे जास्त स्थिर राहतात.

टेस्ट सिरीजचे पेपर कधी मुद्दाम अवघड काढलेले असतात, कधी फार सोपे. त्यासाठी आयोगाची मागची एखादी प्रश्नपत्रिका, जी तू अजून उघडलेलीही नाहीस, ती दोन तासांत, मोबाइल बंद ठेवून, उत्तरपत्रिकेवर गोळे रंगवत सोडव. अंतिम उत्तरतालिकेनेच तपास, पहिल्या तालिकेत बदल होतात. असे दोन-तीन पेपर झाले की सिरीजच्या सरासरीत आणि यात किती फरक पडतो ते दिसेल. तेवढा फरक अंदाजात धर.

सीसॅटसाठी, म्हणजे पूर्वच्या आकलन आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरासाठी, सरासरी काढूच नकोस. तो पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६. तिथे तुझा सगळ्यांत वाईट पेपर बघायचा. तुझा ७१ आहे, आणि मला काळजी आहे ती याच आकड्याची. उताऱ्यांना वेळ पुरत नाही का, ते कळव.

रविवारचा पेपर झाला की नव्या रकान्यांसकट शीट पाठव. खुणा पेपर सोडवतानाच कर, नंतर आठवून नको.

तुझा दादा