अंथरूण कोरडं असतं का?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवाचा फोन अर्धवट राहिला. रेंज गेली, की मागे कुणी येऊन उभं राहिलं म्हणून तूच ठेवलास, ते कळलं नाही. पण तू इतक्या दबक्या आवाजात बोलत होतीस, की मला दुसरंच खरं वाटतंय. तुझ्या वसतिगृहातली चौथीतली मुलगी, फिटचं औषध दिवाळीच्या सुट्टीत सुरू झालेलं, आणि गेले तीन आठवडे अंथरूण ओलं. त्याआधी कधीच नाही. आणि शेवटी तू विचारलंस, "मावशी, रात्रीचा डोस थोडा कमी करून बघू का?"

नको. अर्धा चमचासुद्धा कमी करू नकोस, एक रात्रही चुकवू नकोस. फिटचं औषध एकाएकी कमी केलं किंवा बंद केलं, तर एकामागून एक फिट येऊ शकतात आणि त्या आपोआप थांबत नाहीत. ओल्या चादरीने मूल दगावत नाही. न थांबणाऱ्या फिटने दगावतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझी सुरुवातीची वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली. एका पावसाळ्यात सहा वर्षांचा मुलगा आणला, फिट थांबतच नव्हती. त्याची आई महिन्याभरापूर्वी ओपीडीत माझ्यासमोरच बसली होती. मी नेहमीचे दोन प्रश्न विचारले होते: फिट आली का? औषध चालू आहे का? पहिल्याला ती नाही म्हणाली, दुसऱ्याला हो. मी केसपेपरवर तसं लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. मुलगा दोन दिवसांनी शुद्धीवर आला, तेव्हा कुठे ती बोलती झाली. औषध सुरू झाल्यापासून पोरगा रोज गादीत शू करायचा. एका खोलीत सहा माणसं, सासूचे टोमणे, बाहेर पावसाची झड. रात्रीचा डोस ती गुपचूप मोरीत ओतत होती. "सिस्टर, रोज रोज पांघरूण वाळवू तरी कुठं?" एवढंच म्हणाली.

मी विचारलं असतं तर ते तिने महिन्याभरापूर्वीच सांगितलं असतं. मी विचारलं नाही, ती माझी चूक, आणि ती मी विसरलेले नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, औषधावर असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला मी तिसरा प्रश्न विचारत आले: अंथरूण कोरडं असतं का? कितीतरी बायांनी आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि मग सांगितलं. तू मला फोन केलास, म्हणजे ती पायरी तू चढलीस. आता हीच गोष्ट डॉक्टरांपर्यंत जायला हवी.

बाटलीवरचं नाव तू वाचून दाखवलंस, सोडियम व्हॅल्प्रोएट. या औषधावर काही मुलांचं अंथरूण ओलं व्हायला लागतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. झोप जड होते, मूत्राशय भरलं तरी जाग येत नाही. काहींची तहानही वाढते. बहुतेक वेळा डॉक्टरांनी डोस कमी केला किंवा औषध बदललं की हा त्रास थांबतो. तो निर्णय मात्र त्यांचा, तपासून घेतलेला, टप्प्याटप्प्याने. जाशील तेव्हा आणखी एक विचारून ये. मुली वयात येण्याआधी हे औषध चालू ठेवायचं की बदलायचं, याचा विचार करावाच लागतो, कारण पुढे गरोदरपणात ते बाळाला बाधतं. ती नऊ वर्षांची आहे, म्हणजे हा प्रश्न फार लांबचा नाही.

हे एकाच औषधाचं नाही, हेही लक्षात ठेव, तुझ्या वसतिगृहात उद्या दुसरं मूल असेल. वागणुकीसाठी दिलेलं रिस्पेरिडोन, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, मनाच्या आजारासाठीचं लिथियम, यांनीही असं होऊ शकतं. अंगावर सूज येणाऱ्या किडनीच्या आजारात स्टेरॉइड देतात, त्याने रक्तातली साखर वाढली तरी लघवी वाढते. म्हणून मूल दाखल करून घेताना औषधांची नावं लिहून घेत जा, "गोळ्या चालू आहेत" एवढ्यावर सोडू नकोस.

पण औषधावर बोट ठेवण्याआधी एक गोष्ट बघ, आणि ती नीट बघ. फिटच्या मुलाचं अंथरूण ओलं झालं, तर रात्री झोपेत फिट येऊन गेलेली असू शकते. कुणाला कळतही नाही. सकाळी तिची जीभ बघ, कडेला चावल्याची खूण आहे का. उशीवर लाळेचा किंवा रक्ताचा डाग आहे का. उठल्यावर डोकं दुखतं का, हातपाय ठणकतात का, थोडा वेळ भांबावल्यासारखी बसते का. शेजारी झोपणाऱ्या मुलीला विचार, पण साक्ष घेतल्यासारखं नको. "रात्री ही हातपाय झाडते का गं?" एवढंच. यातलं काही असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. कारण मग औषध जास्त नाही, कमी पडतंय, आणि तू डोस कमी केला असतास तर नेमकं उलटं झालं असतं.

तुझ्या डोळ्यांसमोर फिट आलीच, तर तिला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, कांदा-चप्पल हुंगवायला आलेल्यांना बाजूला कर आणि घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन.

बाकीची कारणं डॉक्टर तपासतील, तू फक्त डोळा ठेव. फार तहान लागते आणि वजन उतरतंय, तर साखरेची तपासणी त्याच दिवशी. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर लघवीची तपासणी. आणि शौचाला रोज होते का, हे तिला एकटीला गाठून विचार. कोठा भरलेला असला की तो मूत्राशयावर दाबतो. आश्रमशाळेतल्या मुलींना हा त्रास खूप, कारण सकाळी संडासापुढे रांग असते आणि मागची दार वाजवत असते. एवढं साधं कारण, पण ते कुणी धरत नाही.

संडासाचं निघालंच आहे तर सांगते. मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा रात्री मुलींच्या खोलीपासून संडासापर्यंत चालत गेले होते. अंगण ओलांडायचं, हापशाजवळ चिखल, आणि दिवा फक्त टोकाला. मला भीती वाटली, मग नऊ वर्षांच्या पोरीचं काय? जाग आली तरी ती उठणार नाही, पाय पोटाशी घेऊन पडून राहील. तिची जागा दाराजवळ आण. उशाशी टॉर्च ठेव. बरोबर जायला एक मोठी मुलगी ठरवून दे, किंवा आतल्या मोरीत रात्रीपुरती बादली ठेव. औषधाने जड झालेली झोप तुला हलकी करता येणार नाही, पण अंगणातला अंधार तुझ्या हातात आहे.

पाणी तोडू नकोस. "संध्याकाळपासून पाणी बंद" ही शिक्षा मी फार ठिकाणी बघितली. दिवसभर मुली पाणी पीत नाहीत, शाळेतल्या संडासात जावं लागू नये म्हणून, आणि संध्याकाळी जेवताना तांबेच्या तांबे रिकामे करतात. ते उलट कर. सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर पाणी, मधल्या सुट्टीत आठवणीने लघवीला, रात्रीचं जेवण लवकर, संध्याकाळचा चहा बंद. झोपायची तयारी सुरू करताना एकदा आणि अंथरुणावर पडण्यापूर्वी पुन्हा एकदा लघवीला.

औषध कशाने मोजता, ते मी विचारायचं राहिलं. स्वयंपाकघरातल्या चमच्याने असेल तर तो आजच बंद कर. घरातले चमचे लहानमोठे असतात, वसतिगृहात कामाला असलेल्या कामाठी मावशींच्या हातून एक माप पडतं आणि तुझ्या हातून दुसरं. बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण वापर, किंवा सुई नसलेली सिरिंज आण. मिलीलीटरच्या रेघेवर डोळा समोर धरून बघायचं, वरून नाही. पुढे गोळ्या दिल्या, तर तोडून किंवा कुटून देण्याआधी विचारून घे. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडायच्या नसतात.

आता वही. दोनशे पानी नको, पातळ एक पुरे, आणि ती तुझ्या कपाटात कुलपात. रोज एक ओळ: तारीख, औषध किती वाजता आणि किती, अंथरूण ओलं की कोरडं, ओलं असेल तर साधारण किती वाजता, जीभ-उशी-डोकेदुखी, शौचाला झाली का. औषध कोणत्या तारखेला सुरू झालं आणि डोस कधी वाढला, ते पहिल्या पानावर. डॉक्टरांपुढे दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत "कधी कधी करते" म्हणालीस तर ते मान हलवतील. वही पुढे ठेवलीस, डोस वाढल्यापासून चौथ्या दिवशी सुरू झालं असं दाखवलंस, तर ते पेन खाली ठेवून वाचतील. तिच्या आईवडिलांनाही फोन करून सांग, त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

केमिस्टकडून "अंथरुणातली शू थांबवायची गोळी" कुणी आणून दिली तर घेऊ नकोस, या मुलीला तर नाहीच. जुनी इमिप्रामिन अजून काही जण सुचवतात. तिने फिट येण्याची शक्यता वाढते, आणि एखाद्या लहान मुलाने डबा उघडून खाल्ली तर हृदयावर बेतते. रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन डॉक्टर देतात, बऱ्याच मुलांना त्याचा उपयोगही होतो, पण गोळी घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी मोजूनमापून द्यावं लागतं. नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यानेच फिट येते. साठ मुलींच्या वसतिगृहात ती राखण कोण करणार? ओलं झालं की वाजणारी घंटाही असते, चांगली असते, पण दोन-तीन महिने रोज लावावी लागते आणि तुमच्या खोलीत एकीसाठी साठ जणी उठतील.

तिच्याशी बोललीस का? अजून नसशील, तर आज बोल. औषधामुळे काही मुलांना असं होतं, तू मुद्दाम करत नाहीस, आपण डॉक्टरांना विचारणार आहोत. बस, एवढंच. आणि त्याआधी कामाठी मावशींशी बोल, कारण सकाळी पहिला आवाज त्यांचा असतो. सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा जणांचं अंथरूण ओलं होतंच, औषध असो वा नसो, हे त्यांना सांग. त्यांच्याही घरात कुणीतरी असेल, मग आवाज खाली येतो.

गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी, मग चादर. एक जादा चादर आणि परकर तिच्या पेटीत, म्हणजे रात्री कुणाला हाक न मारता तिला बदलता येईल. तिला इतरांच्या आधी पंधरा मिनिटं उठव, साबण-पाण्याने अंग धुऊ दे, मांड्यांना खोबरेल लाव, ओलाव्याने कातडी सोलते. ओलं कापड झाकणाच्या बादलीत, धुण्याचा सोडा घालून. आणि गोधडी एकटी वाळत घालू नकोस. दर रविवारी सगळ्यांच्या गोधड्या दोरीवर टाकायला लाव. साठ गोधड्यांत तिची कुठली, ते कुणाला कळणार नाही.

कोरड्या रात्रीसाठी चॉकलेट देऊ नकोस. झोपेत काय होतं ते तिच्या हातात नाही, मग ओल्या सकाळी तिला वाटतं की आपण हरलो. झोपताना लघवीला जाऊन आली, सकाळी स्वतःहून येऊन तुला सांगितलं, त्याबद्दल पाठीवर हात ठेव.

दोन मीटर मेणकापड, एक टॉर्च आणि पाच मिलीलीटरच्या दोन सिरिंजा एसटीच्या पार्सलने पाठवते आहे. गुरुवारपर्यंत डेपोत येतील, तिथून मागून घे. सोमवारी सिव्हिलला जाशील तेव्हा वही आणि औषधाची बाटली दोन्ही घेऊन जा, आणि परत आलीस की रात्री नऊनंतर फोन कर. मी जागी असते.

तुझी,
मावशी