रुग्णालय आणि सेवाभावी संस्था मिळून सामूहिक वाचनाचे गट कसे चालवतात?

मी लिव्हरपूलला राहते आणि इथल्या एका मानसोपचार वॉर्डात स्वयंसेवक म्हणून असा गट चालवते. दोघांनी कामं कशी वाटून घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते गटात येणारी माणसं, खोली आणि सुरक्षितता रुग्णालयाने बघावी. मजकूर आणि वाचणारा संस्थेने. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला की गट बिघडतो.

बरेच जण इथे एक गल्लत करतात. 2013 पासून इंग्लंडमध्ये डॉक्टर ठरावीक यादीतलं पुस्तक सुचवतात, ते ग्रंथालयातून आणून आपलं आपण वाचायचं. चांगली योजना आहे, पण ती वेगळी. सामूहिक वाचनात कुणीच काही वाचून येत नाही. सगळ्यांच्या हातात छापील प्रत असते, एकजण कथा किंवा कविता मोठ्याने वाचतो, मध्ये थांबतो, ज्याला वाटेल तो बोलतो. गप्प बसलं तरी चालतं. ही पद्धत रुजवली ती जेन डेव्हिस यांच्या ‘द रीडर’ या संस्थेने. तिची सुरुवात 1997 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या एका मासिकातून झाली. पुढे मर्सी केअर या मानसिक आरोग्याच्या एनएचएस (म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्टशी तिची दीर्घ भागीदारी झाली.

प्रत्यक्षात कुठे थांबायचं याची खूण मी आदल्या रात्री पेन्सिलीने करते. वॉर्डात ती बहुतेक वेळा फुकट जाते. औषधांची ट्रॉली येते, एखाद्याला डॉक्टर बोलावतात, कुणी न सांगताच उठतं. मग तोच परिच्छेद पुन्हा वाचायचा. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा वाचला की लोक जास्त बोलतात.

सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं ते कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. नर्स वही घेऊन कोपऱ्यात बसली की सगळे चिडीचूप. तिच्याही हातात प्रत द्या, तिलाही एखादं कडवं वाचू द्या. गटातलं बोलणं केसपेपरवर जाणार नाही, हे आधीच लेखी ठरवा. अपवाद एकच: कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बोललं, तर गट संपताच वॉर्डच्या प्रमुखांना सांगायचं, आणि तसं सांगणार हे गटालाही पहिल्या दिवशी सांगून ठेवायचं. स्वयंसेवकांची गुन्हेगारी नोंदींची तपासणी आणि वॉर्डाचे नियम शिकवणं या दोन गोष्टींना वेळ लागतो, तो धरून चाला.

अधिकारी ‘याने फरक काय पडतो?’ असं विचारणारच. दीर्घकालीन वेदना असलेल्यांवर लिव्हरपूलच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सामूहिक वाचनाची तुलना सीबीटी या बोलण्यातून होणाऱ्या उपचाराशी होती. सीबीटीच्या गटात बोलणं मुख्यतः वेदनेभोवती राहिलं; वाचनाच्या गटात लोक दुखणं सुरू होण्याआधीच्या आयुष्याबद्दलही बोलू लागले. अभ्यास छोटा आहे, म्हणून ‘औषधं कमी होतील’ असली आश्वासनं देऊ नका. मी तर ‘उपचार’ हा शब्दच अनुदानाच्या अर्जात टाळते. तो लिहिला की निकाल मोजायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

आणि पैशाचं पहिल्याच बैठकीत बोला. एका वर्षाच्या अनुदानावर सुरू झालेला गट वर्ष संपलं की बंद पडतो, तोही नेमका लोक रुळलेले असताना. दुसऱ्या वर्षीचं मानधन आणि प्रतींचा खर्च कोण करणार, हे करारात नाव घालून लिहून घ्या.