नाट्यविभागात प्रवेश घ्या, पण 'मायग्रेशन नंतर द्या' हे ऐकू नका

ताई, तुमच्या पोस्टमधलं 'ऑफिसवाले म्हणतात सध्या प्रोव्हिजनल ॲडमिशन झालंय, मायग्रेशन सावकाश द्या' हे वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. (मायग्रेशन म्हणजे दुसरीकडे शिकायला जाताना आधीच्या बोर्डाकडून घ्यायचा दाखला.) नाटकात भवितव्य आहे का यावर वर बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्याबद्दल माझंही मत सांगतो. पण आधी हे.

मागाहून वाचणाऱ्यांसाठी: ताईंचा भाऊ खानापूरचा, कर्नाटक बोर्डातून कॉमर्स घेऊन पीयूसी, म्हणजे आपली बारावी, झालेला. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात ऑडिशन देऊन बी. ए.साठी निवडला गेलाय. वडील म्हणतात बेळगावातच बी. कॉम. कर, नाटक काय स्पर्धांतूनही करता येतं.

मी निपाणीचा. तीच पीयूसी, तसाच प्रवेश आणि खिडकीवर ऐकलेलं वाक्यही तेच. ऑडिशनची तयारी, उतारे पाठ करणं, मुलाखत हे सगळं भावाने पार केलंय, त्यावर लिहीत नाही. कागदांचं लिहितो, कारण माझं वर्ष गेलं ते अभिनयात कमी पडलो म्हणून नाही, एका फाईलमुळे गेलं. विद्यापीठ कुठलं ते सांगत नाही. तिथल्या शिक्षकांनी मला भरभरून दिलंय आणि त्या ऑफिसातली माणसं आता बदललीही असतील.

दुसऱ्या राज्याच्या बोर्डातून आलेल्या विद्यार्थ्याचे कागद विद्यापीठाचा पात्रता विभाग तपासतो. तोपर्यंत प्रवेश तात्पुरता. यातली मेख अशी की या तात्पुरत्या प्रवेशावर सगळं सुरळीत चालतं. वर्ग होतात, फी घेतली जाते, हॉल तिकीट मिळतं, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या परीक्षाही होतात. कुणी अडवत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काम झालं. आमच्याकडे गाडी अडली ती थेट तिसऱ्या वर्षाच्या निकालाला. वर्गातल्या सगळ्यांचे निकाल लागले आणि माझा 'राखून ठेवला'.

मायग्रेशन मी पहिल्याच सहामाहीत दिलं होतं, त्याची पोचही माझ्याकडे होती. तरी अडलं. का अडलं हे कळायलाच पावसाळा सरला. खिडकीवर रोज नवं उत्तर. फाईल वर गेलीय, साहेब रजेवर आहेत, तुमच्या विभागाकडून पत्र आणा. पत्र आणलं तर त्यावर आवक क्रमांक पडला आणि तेही त्याच ढिगात गेलं. शेवटी एका शिपाईमामांनी दया येऊन फाईल काढून दाखवली. आतल्या बाजूला टाचणीने लावलेली बोटभर चिठ्ठी होती: 'नावात तफावत, खुलासा मागवणे.' तारीख पहिल्या वर्षातली. तो खुलासा कुणी मागवलाच नव्हता. ना मला पत्र, ना विभागाला.

आणि तफावत कसली, तर आमच्या पीयूसीच्या मार्कशीटवर आधी नाव आणि शेवटी आडनाव, इथल्या अर्जात आडनाव आधी. शिवाय वडिलांच्या नावापुढचा 'राव' एका कागदावर होता, दुसऱ्यावर नव्हता. एका प्रतिज्ञापत्राचं काम. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर दोन दिवसांत आणून दिलं असतं. तोवर एम. ए.च्या निवड यादीत लागलेलं माझं नाव तिसऱ्या वर्षाची मार्कशीट नाही म्हणून गळलं. मुलाखत चांगली झाली होती, घरी पेढे वाटून झाले होते. बाबांना सांगताना जे वाटलं ते अजून आठवतं. लोक म्हणतात नाटकवाल्यांना शिस्त नसते. आमच्या विभागात तालमीला पाच मिनिटं उशीर झाला तर बाहेर उभं राहावं लागायचं. ज्या टेबलावर एक चिठ्ठी तीन वर्षं पडून राहते तिथल्या शिस्तीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. असो. राग अजून आहे, तो इथे थांबवतो.

तर ताई, भावाकडून या सहामाहीतच हे करून घ्या. पीयू कॉलेजमध्ये चौकशी करून बोर्डाचं मायग्रेशन काढा. ते, टीसी आणि मूळ मार्कशीट एकत्र द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, फोटो काढून घरी पाठवा. आधार, दहावी, पीयूसी, प्रवेश अर्ज या चारही ठिकाणचं नाव शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासा. फरक दिसला तर त्यांनी विचारायची वाट न बघता प्रतिज्ञापत्र जोडून टाका. आता क्रेडिट बँकेचं (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात त्या ऑनलाइन नोंदीचं) खातंही आधारवरच्या नावाने निघतं, म्हणजे घोळाला आणखी एक जागा. आणि दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत अंतिम पात्रतेचं पत्र लेखी मागा. 'होऊन जाईल' हे उत्तर घेऊन खिडकीवरून परत येऊ नका.

तरीही हलत नसेल तर माहिती अधिकार. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपये शुल्क. माझी पात्रतेची फाईल सध्या कोणाकडे आहे, कोणत्या तारखेला कोणती त्रुटी नोंदवली, ती मला कधी कळवली, एवढेच प्रश्न. 2005च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझी फाईल हलली ती या अर्जाने, विनवण्यांनी नाही. अर्जात आरोप करू नका, फक्त तारखा विचारा. (मी वकील नाही आणि विद्यापीठाच्या नोकरीतही नाही. नियम दर विद्यापीठाचे वेगळे असतात, बदलतातही. माहितीपुस्तिका आधी, माझं नंतर.)

आता वडिलांच्या म्हणण्याबद्दल. बी. कॉम. करून स्पर्धेतून नाटक, हा मार्ग खोटा नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963पासून चालू आहे, आणि मराठी रंगभूमीवरची किती तरी माणसं अशा एकांकिकांतूनच आली, नाट्यविभागाचं तोंडही न बघता. पण माझं मत स्पष्ट आहे. ज्याला हे काम आयुष्यभर करायचंय आणि ज्याची निवड झालीय, त्याने विभागातच शिकावं. स्पर्धा धीटपणा देते, झटपट उभं करायला शिकवते. पण एकांकिकेत आपण जे जमतं तेच पुन्हा करतो. विभागात जे जमत नाही ते करावं लागतं. मला अभिनयच करायचा होता आणि दुसऱ्या वर्षी प्रकाशयोजनेला बसवलं. शिडीवर चढून पार कॅनसमोर (रंगमंचावरच्या दिव्यासमोर) रंगीत जिलेटीन सरकवायचं, खाली येऊन नट उभा राहणार त्याच खुणेवर स्वतः उभं राहायचं आणि डोळ्यांखालची सावली जाते का हे दुसऱ्याला बघायला लावायचं. दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशांतून उजेड आला की चेहरा कसा गोल, जिवंत दिसतो, आणि नुसता डोक्यावरून आला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडून तोच माणूस कसा आजारी वाटतो, हे तिथे कळलं. पुढे नट म्हणून उजेड शोधत उभं राहता आलं ते त्यामुळे. आज माझं घर चालतं त्यात अभिनयापेक्षा प्रकाशयोजनेचा आणि शाळांतल्या नाट्यवर्गांचा वाटा मोठा आहे. म्हणून भावाला सांगा, नेपथ्य, प्रकाश, रंगमंच व्यवस्थापन हे विषय 'पास होण्यापुरते' करू नकोस.

वाचायची सवयही लावायला सांगा. संहिता आठवड्यातून एक तरी, मोठ्याने. आपल्या सीमाभागातल्या मुलांचे उच्चार हसण्यावारी नेले जातात. पहिलं वर्षभर मला ते लागायचं. वाचिक अभिनयाच्या सरांनी प्रमाण उच्चार शिकवले, पण माझी बोली पुसू दिली नाही, आणि पुढे तिच्यामुळेच कामं मिळाली. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे भावाला जरूर सांगा. मलाही कुणी आधी सांगायला हवं होतं.

वडिलांची भीती नोकरीची असेल तर त्यांना एवढं सांगा. ही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो अशा स्पर्धा परीक्षांना ती चालते. प्राध्यापक व्हायचं तर एम. ए. करून नेट देता येते, त्यात नाटकासाठी विषय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या पदविकेलाही आधी पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, प्रमाणपत्र, तारीख पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावत जा. बी. एड.चा विचार असेल तर मात्र नीट चौकशी करा, तिथे शालेय विषयांची अट आडवी येऊ शकते. आणि खोटी आशाही देणार नाही. पहिली काही वर्षं पैसा अनियमित येतो. मालिकांचं काम मिळतं म्हणून दुसऱ्या वर्षातच मुंबई गाठणारी मुलं मी पाहिली आहेत. काहींचं बरं झालं, पण पदवी पुरी करायला परतलेलं माझ्या पाहण्यात कुणी नाही.

शिष्यवृत्तीचं थोडं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. 18 ते 25 वयोगट, महिना 5000 रुपये, दोन वर्षं, आणि नाटक त्यात येतं. अर्ज निघतात तेव्हा मुदत थोडी असते, लक्ष ठेवा. राज्य सरकारच्या योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो, तिथे आपण बहुतेक बाद. पण तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत असेल तर सीमाभागाच्या सवलतीबद्दल प्रवेश कक्षात जरूर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

भावाच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव कसं छापलंय ते बघून इथे कळवा. नाव टाकू नका, नुसता क्रम सांगा. फरक असेल तर मी दिलेल्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर टाकतो.