डिफेंडरने गेम पकडला, आता खेळू का नको?

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवरून एक छोटा हॉरर गेम उतरवला, साधारण ८० एमबीचा झिप. उघडायला गेलो तर आधी निळी खिडकी आली, 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी', ती पार करून पुढे गेलो तर डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसने, फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये (वेगळी कोंडून) टाकली आणि वर नाव दिलं वाकाटॅक ट्रोजन. झिपमधल्या रीडमी फाइलमध्ये (सूचनांची फाइल) लिहिलंय की हा फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे उगाच घेतलेला संशय आहे, अँटीव्हायरस बंद करून खेळा. मित्र म्हणतात इंडी, म्हणजे एकट्या-दुकट्याने बनवलेल्या, गेमचं असंच असतं. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुला दोन वॉर्निंग आल्या आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत, हे आधी नीट समजून घे.

निळी खिडकी विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची. ती आली म्हणजे व्हायरस सापडलाच असं नाही. ही फाइल आजवर कितीशा लोकांनी उतरवलीये, बनवणाऱ्याने ती सर्टिफिकेटने साइन केलीये का, असं बघून ती ठरवते की ही ओळखीची आहे का अनोळखी. आणि ते सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं, वर्षाला हजारो रुपये जातात, मग कॉलेज सांभाळून रात्री जागून गेम बनवणारा आणि तो फुकट वाटणारा मुलगा ते कुठून घेणार, त्यामुळे नव्या इंडी गेमला ही खिडकी येणं अगदी नेहमीचं आहे. तिच्यात 'मोअर इन्फो' दाबलं की 'रन एनीवे' येतं.

डिफेंडरचं तसं नाही. त्याने फाइल तपासून संशय घेतलाय. आता त्या वाकाटॅकच्या नावाच्या शेवटी 'एमएल' अशी अक्षरं आहेत का बघ, असतील तर तो मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज आहे, ओळखीचा चोर पकडला असं नाही. असे अंदाज चुकतात, आणि त्याला कारण आहे : कोणी पायथन या भाषेत गेम लिहिला की तो पायइन्स्टॉलर नावाच्या हत्याराने बांधून एक ईएक्सई (थेट चालणारी फाइल) करतो, आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्राम लिहिणारेही तेच हत्यार वापरतात, मग बाहेरून दोन्ही गाठोडी सारखीच दिसतात.

पण अंदाज आहे म्हणून तो खोटाच असं धरू नको, खरे चोरही याच नावाखाली पकडले जातात. म्हणून आधी गेमचं पान बघ. इचवर कोणीही अकाउंट काढून गेम टाकू शकतं. बनवणाऱ्याचे आधीचे गेम आहेत का, कमेंट चालू आहेत का, खेळलेल्या लोकांनी गेममधलं काही लिहिलंय का नुसतं 'छान छान' आहे, हे पाच मिनिटांत कळतं. मग झिप व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर टाक (तिथे ६५० एमबीपर्यंतची फाइल चालते), सत्तरेक अँटीव्हायरस इंजिनं एकदम तपासतात. दोन-तीन अनोळखी इंजिनांनीच लाल दाखवलं तर बहुतेक फॉल्स पॉझिटिव्ह, वीसेक जणांनी दाखवलं आणि नावात 'स्टीलर' (पासवर्ड चोरणारा) वगैरे असेल तर फाइल डिलीट, विषय संपला. मात्र शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नको, आजच बनवलेला चोर आज कदाचित कोणीच ओळखणार नाही.

आता त्या रीडमीबद्दल. अँटीव्हायरस बंद करायचा नाही. कधीच नाही, कोणीही सांगितलं तरी. बनवणारा मनापासून सांगत असेल हो, पण चोरही अगदी हेच वाक्य लिहितो आणि तुला दोघांतला फरक कळायला मार्ग नाही. त्याला कळव की फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासायला पाठव, त्यासाठी त्यांचं फुकट पान आहे, चूक असेल तर दुरुस्त होते आणि मग डिफेंडर स्वतःच वाट सोडतो. गेम चार दिवसांनी खेळलास तरी तेवढाच भीतीदायक असेल! पानावर ब्राउझरमध्ये खेळायची सोय असेल तर तिथेच खेळ, ईएक्सई उतरवायचीच गरज नाही.

मोठ्या दुकानातून घेतलं की प्रश्न मिटला असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पायरेटफाय नावाचा गेम स्टीम या गेमच्या मोठ्या दुकानावरून काढावा लागला, त्यात चोर निघाला आणि ज्यांनी तो चालवला त्यांना विंडोज नव्याने टाकायचा विचार करा असं कळवलं गेलं. २०२३ च्या नाताळात डाउनफॉल या मॉडच्या (चाहत्यांनी गेमला बनवलेली जोड) बनवणाऱ्यांचंच अकाउंट चोरांनी घेतलं आणि अपडेट म्हणून व्हायरस पाठवला. तिथे माणसं प्रामाणिक होती, फाइल नव्हती.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला डिस्कॉर्डवर ओळखीच्या मुलाने 'मी गेम बनवलाय, टेस्ट करून दे' म्हणून पासवर्ड असलेला झिप पाठवला. त्याने तो चालवला, काहीच उघडलं नाही. लॅपटॉपवर यांचं बँकेचं काम चालतं. घाबरायला हवं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, हो, आणि आत्ताच हालचाल करा. अशा झिपला पासवर्ड असतो तो बहुतेक अँटीव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणूनच. आणि पाठवणारा तो मित्र नसणार, त्याचं अकाउंट आधीच गेलेलं असणार, आता तुमच्या मुलाच्या नावाने पुढच्यांना जाईल. आधी लॅपटॉपचं इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या फोनवरून ईमेल, बँक, डिस्कॉर्ड या क्रमाने पासवर्ड बदला आणि 'सगळीकडून लॉगआउट' करा, हे विसरू नका, कारण हे चोर ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलतात, त्याला ओटीपीही लागत नाही. लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकून घ्या, तोवर बँकेचं काही त्यावर नको. पैसे गेलेले दिसले तर तासाभराचीही वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि मुलाला रागावू नका हो. मित्राला मदत करायला गेला होता तो. रागावलात तर पुढच्या वेळी असं काही झालं की लपवेल, आणि मग तुम्हाला कळेल ते बँकेच्या मेसेजवरूनच.