भाडेकरूंच्या दारात तिसरा माणूस

अनेक आशीर्वाद.

इमारत तुझ्या नावावर झाली, आनंद वाटला. पण जुन्या मालकांचा पुतण्या दर महिन्याला येऊन भाडं मागतो, 'व्यवहारच खोटा आहे, नव्या माणसाला पैसे दिलेत तर तुमचं तुम्ही बघा' असं बजावून जातो, हे वाचून काळजी वाटली.

त्याच्याशी जिन्यात हमरीतुमरी करू नकोस. तुमच्या भांडणात झोप उडते ती भाडेकरूंची. भाडं दोनदा भरावं लागेल का आणि डिपॉझिट बुडेल का, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०९ वकिलांकडून नीट समजून घे. खरेदीनंतर भाडं घेण्याचा हक्क तुझा. पण विक्रीची कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला पैसे दिले, तर ते भाडेकरूकडून पुन्हा मागता येत नाहीत. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला आजच लेखी कळव: खरेदीची तारीख, कुठल्या खात्यात भाडं भरायचं ते, सोबत इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची प्रत. पोच जपून ठेव. डिपॉझिटचं काय ठरलं तेही त्यातच लिही.

याहून मोठं काम म्हणजे जुन्या मालकांकडून चार ओळी लिहून घेणं: 'मी इमारत विकली आहे, यापुढे भाडं यांना द्यावं.' त्यांची सही भाडेकरूंनी वर्षानुवर्षं पावत्यांवर पाहिली आहे, ती ते लगेच ओळखतील. तू स्वतःही पहिल्या महिन्यापासून पावती देत जा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ती द्यावीच लागते.

पुतण्याला पैसे दिले म्हणून कुणाचं पाणी किंवा वीज तोडायचा विचारही मनात आणू नकोस. तसं करणं याच कायद्याखाली गुन्हा ठरतं, आणि माणसं कायमची दुरावतात ती वेगळीच.

एक मात्र विचारतो, रागावू नकोस. इमारत वडिलोपार्जित होती का? खरेदीखतावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आहेत का? पुतण्याचा खरंच हिस्सा निघत असेल तर प्रकरण वेगळं, आधी वकील गाठ. नसेल, तर 'कोर्टात दावा आहे' म्हणणाऱ्याकडे आदेशाची प्रत माग. नुसता दावा दाखल झाला म्हणून भाडं थांबत नाही. दमदाटी चालूच राहिली तर पोलिसांत लेखी तक्रार दे आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम माग.

रविवारी प्रत्येक घरी स्वतः जा, पत्र हातात दे, नळ-गळतीच्या तक्रारी वहीत लिहून घे. नोटिशीचा मसुदा त्याआधी मला पाठव, शनिवारपर्यंत वाचून देतो.

तुझा,
काका