हिवाळा नुसता खिडकीतून बघू नका

तुमचा प्रश्न असा: जानेवारीत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बर्फाच्या देशात जायचं आहे, तिथे चार-पाच महिने बर्फ असतो, तो नुसता सोसायचा, की घरबसल्या त्याचा आनंदही घेता येतो? व्हिसा, विमा, बँक हे सगळं सरकारी माहितीत मिळेल, ते सोडून देते. या प्रश्नाने मात्र आत काहीतरी हललं, म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे.

आनंद मिळतो, पण आयता नाही. बर्फाशी रोजचं एखादं काम जोडून घ्यावं लागतं. हिवाळा फक्त काचेआडून बघणाऱ्याला तो फेब्रुवारीपर्यंत नकोसा होतो.

सगळ्यात सोपं काम मोजण्याचं. ४० सेंटीमीटर लांब-रुंद प्लायवूडची फळी घ्या, तिला पांढरा रंग द्या (गडद फळी उन्हात तापते आणि बर्फ खालून वितळतो) आणि भिंत, झाड, पागोळ्या यांपासून दूर सपाट जागी ठेवा. बर्फ थांबला की लगेच पट्टी उभी खुपसून चार ठिकाणी उंची घ्या आणि सरासरी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोजलंत तर आकडा कमी येतो, कारण बर्फ स्वतःच्याच वजनाने दबतो. मोजून झालं की फळी झटकून पुन्हा साचलेल्या बर्फाच्या वर ठेवायची. शेजारी सरळ भिंतींचा एक डबा ठेवा आणि त्यातला बर्फ घरात वितळवा. साधारण १० सेंटीमीटर बर्फाचं १ सेंटीमीटर पाणी होतं. कडक थंडीतल्या भुसभुशीत बर्फाला त्याच पाण्यासाठी २० सेंटीमीटरही लागतात, ओल्या बर्फाला पाचच पुरतात. सहा वर्षांच्या मुलीला हा हिशेब सहज कळतो, आणि वहीही तिच्याच हाती द्यावी.

दुसरं काम बघण्याचं. काळ्या मखमलीचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून अर्धा तास बाहेर थंड होऊ द्या. घरातलं उबदार कापड तसंच नेलंत तर कणाचं टेकताक्षणी पाणी होतं. १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बघताना श्वास बाजूला सोडा. ढगात उणे १५ अंशांच्या आसपास फांद्याफांद्यांच्या सहा टोकी चांदण्या तयार होतात, उणे ५ला सुया आणि नळ्या, उणे २ला साध्या चकत्या. म्हणजे मखमलीवर काय पडलं यावरून वरच्या ढगात किती थंडी आहे ते ओळखता येतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला. पुढे १९३६ साली जपानमधल्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने सशाच्या केसावर प्रयोगशाळेत हिमकण वाढवला. एका टोकाला बारीक काटे फुटलेले आणि शेजारचं टोक तुटलेलं, असा कण मखमलीवर काही क्षण नीट दिसतो. त्या क्षणांसाठी बाहेर जावं.

आणि ऐका. ताज्या बर्फाच्या पोकळ्यांमध्ये आवाज जिरतो, म्हणून पहिल्या सकाळी सगळं मुकं वाटतं. पायाखाली बर्फ करकरायला लागला की थंडी साधारण उणे १०च्या खाली गेली समजा.

आता फावडं. १० सेंटीमीटर बर्फ म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १० किलो. ५ बाय ३ मीटरच्या अंगणात दीडशे किलो, ओला असेल तर तीनशे. म्हणून सगळा पडून होण्याची वाट बघू नका, दर पाच सेंटीमीटरला ढकलून बाजूला करा. उचलावा लागलाच तर गुडघे वाकवा, कंबर वळवू नका. छातीत दुखलं की तिथेच थांबा. साधं मीठ उणे ९-१०च्या खाली जवळजवळ निकामी होतं. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड टाका किंवा पाय घसरू नये म्हणून जाडी वाळू. गाडी सुरू करण्याआधी तिचा धुराचा पाइप आणि घराच्या हीटरची बाहेरच्या भिंतीतली झडप मोकळी करा. त्या बुजल्या तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

घराच्या कागदपत्रांबद्दल एकच सांगते, कारण त्याने खूप जीव खाल्ला. पत्त्याच्या पुराव्याशिवाय खातं नाही, खात्याशिवाय घराचा करार नाही, कराराशिवाय पत्ता नाही, या चक्रात माणूस इतका थकतो की करार न वाचताच सही करतो. तुम्ही तसं करू नका. हीटिंग भाड्यात धरलंय का, घर किती अंशांपर्यंत तापवण्याची हमी आहे आणि बर्फ कुणी काढायचा, ही तीन उत्तरं लेखी घ्या.

घरातली हवा कोरडी पडणार. बाहेरची उणे १५ची हवा २१ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली येते. त्वचा तडकते, नाकातून रक्त येतं. आर्द्रतामापक लावा आणि ३० ते ४० टक्के ठेवा. काचेच्या खालच्या कडेला पाणी जमायला लागलं की आर्द्रता जास्त झाली, ती कमी करा. नाहीतर तिथे काळी बुरशी धरते.

उजेडाचं नियोजन मात्र गंभीरपणे करा. डिसेंबरच्या शेवटी ४५ अक्षांशावर दिवस पावणेनऊ तासांचा असतो, ६० अक्षांशावर सहा तासांहून कमी. १०,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा उठल्याबरोबर २० ते ३० मिनिटं शेजारी लावून ठेवा, त्याच्याकडे रोखून बघू नका. डोळ्यांचा किंवा मनोविकाराचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तुम्ही पोहोचाल तेव्हा सूर्यास्त पुढे सरकायला लागलेला असेल. ४५ अक्षांशावर सर्वात लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारासच होऊन जातो. सकाळ तेवढी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उशिरा उजाडत राहते. मार्चमध्ये दिवस रोज तीन मिनिटांहून जास्त वाढतो. सूर्यास्ताची वेळ वहीत लिहा, मन तिच्यावर टेकतं.

शाळेचं सांगायला हवं. बऱ्याच शाळा बर्फातही मुलांना बाहेर खेळायला सोडतात. किती अंशांपर्यंत, ते विचारून घ्या. मुलीला कपडे स्वतः घालता आले पाहिजेत: आधी बर्फाची पँट, मग बूट, जाकीट, टोपी आणि सर्वात शेवटी हातमोजे. हा क्रम चुकला की चेन लागत नाही आणि रडू येतं. बोटांचे नकोत, एकपिशवी मोजे घ्या, ते जास्त उबदार असतात. आणि दप्तरात सुक्या पायमोज्यांचा जोड ठेवा. भाषेचा जादा तास नेमका बाहेर खेळण्याच्या वेळेत लावला तर ठामपणे वेळ बदलून मागा. मूल काचेआड शब्द घोकत बसतं आणि बाकीची बर्फाच्या ढिगावर तेच शब्द ओरडत असतात. मी ही मागणी केली नाही. ते अजून सलतं.

एकटेपणा येतो, आणि जातो. एवढंच.

फेब्रुवारीत, तापमान शून्याच्या वर असेल अशा दुपारी, मालकाला विचारून फोर्सिथिया या झुडपाच्या दोन हातभर फांद्या कापून आणा. त्यांना डिसेंबर-जानेवारीची थंडी आधी मिळालेली असावी लागते, म्हणून त्याआधी कापल्या तर कळ्या उघडत नाहीत. कापलेल्या टोकाला उभी चीर द्या, कोमट पाण्यात ठेवा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, खोली थोडी थंड असू द्या आणि ऊन थेट पडू देऊ नका. एक ते तीन आठवड्यांत पिवळी फुलं येतात, बाहेर पांढरं असतानाच. सफरचंदाच्या फांदीला आणखी वेळ लागतो.

पानगळीचा रंग पुढच्या वर्षी बघाल. पिवळा पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र त्या दिवसांत नव्याने तयार होतो, आणि त्याला स्वच्छ ऊन आणि गोठणार नाहीत अशा थंड रात्री लागतात. ऐन भर फार तर एक-दोन आठवडे टिकतो, एका वादळी रात्रीत झाड उघडं पडतं, तेव्हा रविवारची वाट बघू नका.

बूट इथून नेऊ नका. तिथे गेल्यावर जाड मोजे घालून बघूनच घ्या, आतलं अस्तर काढून वाळवता येईल असे, आणि मुलीच्या बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या.