इस्लामचं युनिट शिकवायला घेताना

प्रिय,

तुझा मेल आणि सोबतचा सिलॅबस, दोन्ही नीट वाचलं. धर्म आणि समाज हा पेपर पहिल्यांदाच एकहाती तुझ्याकडे आलाय आणि इस्लामच्या युनिटचं टेन्शन आलंय असं लिहिलंयस. टेन्शन येऊ दे, त्याने तयारी चांगली होते.

पण आधी सिलॅबसबद्दल बोलू, कारण खरा घोळ तिथेच आहे. इस्लाम तू अकराव्या आठवड्यात टाकलायस, तोही 'धर्म, हिंसा आणि दहशतवाद' या हेडिंगखाली. त्याआधी कुटुंब, काम, बाजार, शहर, स्थलांतर, कायदा असं सगळं होऊन जातं आणि त्यात मुसलमान औषधालाही नाही. जगात जवळजवळ दोनशे कोटी मुसलमान आहेत, ते शेती करतात, कर्ज काढतात, भावाशी जमिनीवरून भांडतात, पोरांच्या ॲडमिशनसाठी धावपळ करतात, आणि आपल्या कोर्समध्ये मात्र फक्त बॉम्बच्या आठवड्यात उगवतात. मग त्या लेक्चरला तू कितीही सांभाळून बोल, पोरांना जे कळायचं ते वेळापत्रकातूनच कळलेलं असतं. दहशतवाद शिकवू नकोस असं नाही म्हणत, जरूर शिकव, पण राजकीय हिंसेच्या युनिटमध्ये, इतर धर्मांच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या संघटनांच्या सोबत.

आणि इस्लामला अख्ख्या कोर्सभर पसरव. मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ शिकवताना पोरांना सांग की इस्लामवरचा त्याचा सविस्तर अभ्यास १९२० मध्ये तो गेला तेव्हा राहूनच गेला, जे आहे ते तुकड्यातुकड्यात आहे, आणि त्यात इस्लाम पुढे नेणारा मुख्य माणूस म्हणून त्याला योद्धा दिसतो. आता त्याच्या शेजारी पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमधले मुरीद, म्हणजे तिथल्या एका सुफी पंथाचे शिष्य, ठेव. अहमदू बंबा नावाचा सुफी गुरू, फ्रेंचांनी त्याला १८९५ मध्ये गॅबॉनला हद्दपार केलं, पण त्याच्या मुरिदांनी गुरूची सेवा म्हणून भुईमुगाची प्रचंड शेती उभी केली, त्याने वसवलेल्या तूबाचं मोठं शहर केलं, आणि पुढे हीच मंडळी पॅरिस न्यूयॉर्कच्या फुटपाथवर धंदा करताना दिसायला लागली. कष्ट हीच भक्ती असं मानणारी माणसं आणि त्यातून उभा राहिलेला व्यापार, धर्मश्रद्धेतून कामाची आणि धंद्याची वृत्ती कशी येते हा वेबरचाच प्रश्न आहे, फक्त त्याने तो प्रोटेस्टंट ख्रिश्चनांबद्दल विचारला, आपण त्यांच्या बाहेर विचारतोय! या एका केसवर दोन लेक्चर सहज जातात आणि वर्ग जागा राहतो.

तसंच चौदाव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला इतिहासकार इब्न खल्दून याचं. त्याला 'मुस्लिमांचं योगदान' अशा वेगळ्या खणात ठेवू नकोस, मला तो प्रकार अजिबात आवडत नाही, हार घालून बाजूला बसवल्यासारखं वाटतं. १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' हा ग्रंथ लिहिताना तो टोळ्यांमधली एकजूट, तिच्या जोरावर आलेली सत्ता आणि शहरातल्या सुखात दोनचार पिढ्यांत विरत जाणारी तीच एकजूट यावर थिअरी मांडतोय, तर त्याला थेट दुर्खीमच्या, म्हणजे समाज एकत्र कशाने राहतो हे विचारणाऱ्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या आठवड्यात वाचायला दे आणि दोघांशीही पोरांना भांडू दे.

आता वर्गात हमखास येणारा प्रश्न, 'इस्लाम याबद्दल काय म्हणतो?' याचं उत्तर लगेच द्यायचं नाही. उलट विचारायचं, कुठले मुसलमान, कुठल्या काळातले, आणि म्हणतंय कोण? इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रामधला मिनांगकबाऊ हा मुस्लिम समाज बघ. कट्टर धार्मिक म्हणून ओळखले जाणारे लोक, पण वडिलोपार्जित घर आणि भातशेती आईकडून लेकीकडे जाते, आणि स्वतः कमावलेल्या मालमत्तेला मात्र इस्लामी वारसा नियम लावतात. फळ्यावर एका कुटुंबाचा वंशवृक्ष काढ, एक घर, एक शेत, एक दुकान लिही आणि कोणाला काय मिळेल ते पोरांनाच वाटायला लाव. कायद्यातही तेच आहे. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवरचा नागरी कायदा आणला, ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली, मोरोक्कोने २००४ मध्ये शरियतच्या चौकटीत राहूनच कुटुंब कायदा बराच बदलला.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेव. कोणीतरी उठून म्हणेल की खरा इस्लाम शांततेचा आहे, बाकीचे खरे मुसलमानच नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण खरा कोण हे ठरवणं आपलं काम नाही, ते कोण ठरवतं आणि कशाच्या जोरावर हे बघणं आपलं काम. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना, म्हणजे स्वतःला मुसलमान मानणाऱ्या एका पंथाला, बिगरमुस्लिम ठरवलं, म्हणजे कोण मुसलमान हे संसदेत मतदानाने ठरलं, हे उदाहरण दे आणि पोरांना बोलू दे. वारसाहक्कातला मुलीचा अर्धा वाटा, धर्म सोडणाऱ्याला काही देशांत होणारी शिक्षा, हेही टाळू नकोस. यावर सगळ्यात धारदार लिहिणाऱ्यांत मुस्लिम बायकाच आहेत, कोणी कुराणाचा आधार घेऊन तर कोणी तो नाकारून, दोन्ही प्रकारचं वाचायला ठेव.

आता वर्गातल्या मुस्लिम मुलामुलींबद्दल, आणि इथे खूप जपून वाग. तलाकचा विषय निघाला की सगळ्या माना एका बाकाकडे वळतात, ती मुलगी वहीत डोकं घालून उगाच तारीख गिरवत बसते. तिला चुकूनही 'तू सांग ना, तुमच्यात कसं असतं' असं विचारू नकोस. ती शिकायला आलीय, दोनशे कोटींची वकील म्हणून नाही, कदाचित तिला या विषयात शेजारणीइतकंच माहीत असेल. स्वतःहून बोलली तर मन लावून ऐक, पण तिचं घर म्हणजे अख्खा इस्लाम असंही वर्गाला वाटू देऊ नकोस. आणि कोणी फॉरवर्डमधलं काही विखारी बोललं तर त्याला झापू नकोस, झापलं की तो गप्प बसतो आणि मत तिथंच राहतं. हे कुठून आलं, पहिल्यांदा कोणी म्हटलं, पुरावा काय, हे शोधून आणायची असाइनमेंट त्यालाच दे आणि आणेल ते मनापासून वाच.

राहता राहिला तुझ्या प्रश्नपत्रिकेचा ड्राफ्ट. त्यातला 'इस्लाममधील स्त्रियांचे स्थान स्पष्ट करा' हा प्रश्न काढून टाक, त्याला गाइडमधलं पाठ उत्तर येणार, बाकी काही नाही. त्याऐवजी सतराव्या शतकातल्या ऑटोमन साम्राज्यातल्या कायसेरी या (आज तुर्कस्तानात असलेल्या) शहरातल्या काझीच्या कोर्टाबद्दल विचार, तिथल्या दफ्तरात मालमत्तेसाठी स्वतः दावा लावणाऱ्या बायका सारख्या भेटतात. एक छोटा उतारा छापून दे आणि विचार की या बाईकडे कोणते हक्क होते, ते मिळवायला कोर्टात का यावं लागलं, आणि एवढ्यावरून आजच्या तुर्कस्तानबद्दल काय सांगता येणार नाही. बदललेला सिलॅबस शुक्रवारपर्यंत पाठव, रीडिंगची लिस्ट आपण बसून करू.